मेथीच्या जुडीवर आळ

पत्र थोडक्यात असं. ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या आणि ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिलंय. सासूबाई ६८ वर्षांच्या. लहानपणी रुमॅटिक फीव्हर झाला, त्यात हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह खराब झाला आणि नऊ वर्षांपूर्वी तो बदलून धातूचा बसवला. तेव्हापासून रोज रात्री रक्त पातळ करणारी ॲसेनोकुमॅरॉलची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा चाचणीतला आकडा; जास्त आकडा म्हणजे जास्त पातळ) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय. मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर 'रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर हिरवी भाजी म्हणजे विष' असा मेसेज आला आणि सूनबाईंनी घरातली पालेभाजी बंद केली, अगदी कोथिंबीरसुद्धा. मेअखेरीस सासूबाई पंधरा दिवस मुरुडजवळच्या गावी राहिल्या. परत आल्यावर आयएनआर १.७ निघाला, म्हणून डोस वाढवला. जुलैत तो ३.६ होता. श्रावणात सोमवार-शनिवारचे उपवास झाले, मग चार दिवस जुलाब. जवळच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक दिली. पाठोपाठ हिरड्यांतून रक्त आलं आणि आयएनआर ५.४ निघाला. दोन रात्री गोळी बंद ठेवून नंतर कमी डोसवर सुरू केली, त्याला आता बारा दिवस झाले. आठवड्याने सांगितलेली चाचणी गणपतीच्या गडबडीत राहून गेली. नेरुळच्या नणंदबाई म्हणतात, 'त्या आठवड्यात तू आईला मेथीचे पराठे दिलेस, म्हणून झालं.' शेजारच्या काकू म्हणतात, हे उंदराचं औषध आहे, बंद करा आणि अर्जुनारिष्ट द्या. नणंदबाईंना चाचणी न लागणारी नवी गोळी हवी आहे. त्यात सासूबाईंची दाढ काढायची आहे आणि दाताचे डॉक्टर म्हणाले, पाच दिवस गोळी थांबवा. वाचक विचारतात, 'चूक माझी का? आणि आता पालेभाजी कायमची बंदच ठेवायची का?'

ताई, प्रश्नांची उत्तरं देतेच, पण आधी एक काम करा. हे वाचणं बाजूला ठेवून उद्या सकाळी सासूबाईंची आयएनआर चाचणी करून घ्या. डोस कमी केला तेव्हा त्यांच्या अंगात अँटिबायोटिकचा असर होता, पोट बिघडलेलं होतं आणि जेवण जवळजवळ नव्हतं. आज यातलं काहीच उरलेलं नाही. कमी केलेला डोस मात्र तसाच चालू आहे. अशा वेळी आयएनआर गुपचूप खाली घसरतो. धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरायला तेवढं पुरतं. ५.४ चा आकडा घाबरवतो, हिरड्यांतलं रक्त दिसतं. १.७ मात्र दिसत नाही आणि दुखतही नाही, म्हणून माझ्या मते तुमच्या पत्रातला जास्त काळजीचा आकडा तोच होता. मी डॉक्टर नाही, औषधशास्त्र शिकलेली आणि बरीच वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहिलेली बाई आहे. डोस तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण त्यांच्यासमोर काय मांडायचं, ते मी सांगू शकते.

आता मेथी. लिव्हर रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं, त्यासाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं. तुमच्या सासूबाईंची गोळी हे व्हिटॅमिन पुन्हापुन्हा वापरलं जाण्याची वाट अडवते. पालेभाजीतून व्हिटॅमिन के जास्त आलं तर गोळीचा जोर कमी पडतो आणि आयएनआर खाली जातो. खाली, वर नाही. मेथीच्या पराठ्यांनी काही झालंच असतं, तर ५.४ चा आकडा थोडा कमी झाला असता. नणंदबाईंचा आरोप दिशेलाच चुकला आहे, आणि हे त्यांना शांतपणे सांगायला हरकत नाही.

मग ५.४ आला कुठून? तुम्ही तारखा नीट लिहिल्यात म्हणून ते दिसतं. ते मेथीचे पराठे सोडले तर मार्चपासून तुमच्या घरात पाला नव्हता. गावी गेल्यावर सासूबाईंनी मनसोक्त अळूचं फदफदं, माठ, शेवग्याचा पाला खाल्ला असणार. तुम्हीच लिहिलंय की तिथे त्यांना कोणी अडवलं नाही. आयएनआर १.७ वर आला आणि डोस वाढवला गेला. म्हणजे तो वाढीव डोस गावच्या ताटाला बेतलेला होता. त्या ठाण्याला परतल्या तेव्हा ताट पुन्हा बिनपाल्याचं झालं, डोस मात्र गावचाच राहिला. जुलैचा ३.६ हाच इशारा होता. पुढे श्रावण. साबुदाणा, वरई, रताळं, बटाटा यांत व्हिटॅमिन के नावापुरतंच. काही घरांत श्रावणात पालेभाजी मुळातच वर्ज्य असते, तिथे हे आणखी जाणवतं. मग जुलाब आणि चार दिवस न जेवणं, यानेही आयएनआर चढतो. आणि शेवटी मेट्रोनिडाझोल. लिव्हरमधल्या ज्या एन्झाइममुळे ही गोळी मोडीत निघते, त्यालाच ते अडवतं. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात जास्त साचते. सिप्रोफ्लॉक्सासिनही आयएनआर वाढवू शकतं.

जुलाबाच्या डॉक्टरांना रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल कोणी सांगितलं होतं का? पत्रात याबद्दल एक अक्षरही नाही, त्यावरून मी अंदाज करते की नसावं. त्यात नवल नाही. 'आईचं पोट बिघडलंय' एवढंच सांगून लोक औषध घेऊन येतात. दवाखान्यातही घाई असते. पण आळ मात्र स्वयंपाकघरावर येतो. स्वयंपाकघर कोणाच्या ताब्यात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. औषधाच्या स्ट्रिपचं तसं नसतं, तिचा धनी कोणीच नसतो.

तरीही चूक कोणाची, याचा हिशेब पुरा करायचा तर तुमचीही एक आहे: मार्चमध्ये डॉक्टरांना न विचारता केलेली पालेभाजी बंदी. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला. अंगात व्हिटॅमिन के अगदीच कमी असलेल्या माणसाचा आयएनआर जास्त हेलकावतो, कारण एखाद्या दिवशी थोडा पाला पोटात गेला तरी त्याचा मोठा धक्का बसतो. रोज थोडं खाणाऱ्याला तेवढा बसत नाही. म्हणून डॉक्टर 'बंद करा' असं सहसा सांगत नाहीत. खाताय तेवढंच नेहमी खा, असं सांगतात.

तेवढंच म्हणजे किती, हे तोलून-मापून नको, पण अंदाज असावा. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात व्हिटॅमिन के साधारण ४८० मायक्रोग्रॅम असतं, कोथिंबिरीत ३१० च्या आसपास, कोबीत ७६ च्या आसपास, फ्लॉवरमध्ये पंधरा-सोळा. अमेरिकेत प्रौढ स्त्रीला दिवसाला ९० मायक्रोग्रॅम पुरेसं मानतात. म्हणजे आमटीवर भुरभुरलेली चिमूटभर कोथिंबीर काही घात करत नाही. आठवडाभर काही नाही आणि रविवारी जांभळी नाक्यावरून तीन जुड्या आणून पालक पनीर, पालक भजी, पालक पुऱ्या असा बेत मात्र घात करतो. ऋषिपंचमीच्या भाजीतही माठ आणि अळू असतं; एक वाटी खायला हरकत नाही, पण तीच भाजी तीन दिवस पुरवून खाऊ नये.

पाला पुन्हा सुरू करायचा तो डॉक्टरांना सांगूनच. उदाहरणार्थ, दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी एक वाटी, कोणताही पाला. हे सुरू केल्यावर आठवड्याने चाचणी, कारण आयएनआर उतरेल आणि डोस थोडा वाढवावा लागेल. त्यानंतर ताट स्थिर ठेवायचं. उपवास करायचाच असेल तर त्या दिवसाचं वेळापत्रकही डॉक्टरांना माहीत असू द्या. 'आई ऐकत नाहीत' असं तुम्ही लिहिलंय. त्यांना ऐकायला लावण्यापेक्षा त्यांचा उपवास आधीच हिशेबात धरणं सोपं आहे.

आता ताटापेक्षा महत्त्वाचं. माझ्या काउंटरवरच्या अनुभवात या गोळीशी भांडण बहुतेक वेळा दुसऱ्या औषधाचं झालेलं पाहिलंय. आपल्याकडे पावसाळ्यात मांडीला, कमरेला गजकर्ण उठतं, आणि त्यावर फ्लुकोनाझोलच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. फ्लुकोनाझोल आयएनआर चांगलाच चढवतं. तोंड आल्यावर लावायची मायकोनाझोलची जेलसुद्धा चढवते, आणि ती लोक औषधातही धरत नाहीत. लघवीच्या संसर्गावरचं को-ट्रायमोक्साझोल, छातीच्या ठोक्यांवरचं अमिओडॅरोन, ही त्याच बाजूची. अमिओडॅरोनचा असर हळूहळू चढतो आणि बंद केल्यावरही महिनोन्महिने रेंगाळतो. टीबीवरचं रिफॅम्पिसिन उलट्या बाजूचं: ते आयएनआर पाडतं, आणि कोर्स संपल्यावर डोस कमी केला नाही तर आयएनआर उसळतो. थायरॉईडची गोळी नव्याने सुरू झाली किंवा वाढवली, तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढतो.

अंगदुखीच्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी आयएनआर फारसा न हलताही पोटात रक्तस्राव होऊ शकतो, कारण त्या पोटाचं अस्तर आणि प्लेटलेट दोन्हींना बाधतात. म्हणून आकडा ठीक आहे, चालेल, असं म्हणू नका. (हृदयाच्या डॉक्टरांनीच ॲस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंदही करू नका.) पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांहून जास्त, आणि तेही सलग काही दिवस, घेतली तर तीही आयएनआर वाढवते. दुखण्याचं इंजेक्शन दंडात किंवा कमरेत टोचून घेण्याआधीही सांगा, स्नायूत रक्त साकळू शकतं.

घरगुती गोष्टींत स्वयंपाकातली हळद, लसूण, आलं यांना घाबरू नका. त्यांच्याच कॅप्सूल आणि अर्क मात्र वेगळे, त्यांत मात्रा कितीतरी पट असते. डेंग्यूच्या दिवसांत पपईच्या पानांचा रस गल्लोगल्ली दिला जातो; या गोळीवरच्या माणसाला तो देऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि वर ही गोळी, म्हणजे ताप आला की घरी काढे करत बसायचं नाही, डॉक्टरांना गाठायचं. अशक्तपणासाठी दुधात घालायच्या पावडरींच्या डब्यावर बारीक अक्षरांत व्हिटॅमिन के लिहिलेलं असतं. तेही डॉक्टरांना दाखवा.

काकूंच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातलं द्रव्य शोधलं, आणि त्याच कुळातलं वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं. १९५४ पासून ते माणसांना देण्यात येतं. १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं होतं. सासूबाईंची गोळी त्याच कुळातली. हे औषध मात्रेबाबत फार काटेकोर आहे, म्हणूनच तर इतक्या चाचण्या. पण ते बंद केलं तर धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरते, ती निसटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. अर्जुनारिष्ट हा याला पर्याय नाही. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आलेला मद्यार्कही असतो. ते द्यायचंच असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्यावर, आणि गोळीच्या जागी कधीच नाही.

नणंदबाईंच्या नव्या गोळीबद्दल माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. धातूच्या व्हॉल्व्हच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रान या नव्या गोळीची चाचणी झाली होती. त्यात गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती अर्ध्यातच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. २०२२ मध्ये ॲपिक्साबॅन या दुसऱ्या नव्या गोळीची अशीच एक चाचणी थांबवली. त्याच वर्षी रुमॅटिक हृदयविकारात रिव्हरॉक्साबॅन ही तिसरी नवी गोळी जुन्या गोळ्यांपेक्षा कमी पडते असं दिसलं. त्यामुळे सासूबाईंसाठी जुनी गोळीच. ज्यांना व्हॉल्व्हचा असा त्रास नाही आणि नुसत्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करायचं आहे, त्यांच्यासाठी नव्या गोळ्या खरोखर सोयीच्या आहेत, पालेभाजीचाही प्रश्न उरत नाही. पण त्याही सगळ्या औषधांशी गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. रिफॅम्पिसिन त्यांनाही निष्प्रभ करतं, किडनी कमकुवत असेल तर डोस बदलतो, आणि रिव्हरॉक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही.

आता घरातलं. एक साधी वही करा. तारीख, आयएनआर, डोस, आणि शेवटच्या रकान्यात 'नवीन काय': नवं औषध, ताप, जुलाब, गावाला गेलो, उपवास. चाचणी शक्यतो एकाच लॅबमध्ये. गोळी रोज एकाच वेळी. रात्री विसरली आणि झोपण्याआधी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नका, वहीत लिहा. स्ट्रिपवरचा आकडाही दर वेळी बघा. या गोळीच्या १, २, ३, ४ मिलिग्रॅमच्या स्ट्रिप मिळतात, आणि वॉरफेरिनच्या मिलिग्रॅमशी तिचे मिलिग्रॅम जुळत नाहीत, म्हणून दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून दुसरं दिलं तर घेऊ नका.

ही वही सासूबाईंच्या हातात द्या. तुमच्या पत्रात त्या काय खातात ते आहे, नणंद काय म्हणते ते आहे, शेजारीण काय म्हणते तेही आहे. सासूबाई स्वतः काय म्हणतात, ते एकाच ओळीत: रुसतात. नऊ वर्षं रोज गोळी घेणाऱ्या बाईला २.५ आणि ३.५ या आकड्यांचा अर्थ कळेल. कदाचित कळतही असेल, आपण विचारलेलं नसेल. कुठल्याही दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य त्यांनी स्वतःच म्हणायचं: 'माझा व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.' आणि नणंदबाईंना काळजी आहे हे खरंच आहे, तर तिला काम द्या. ऐरोलीची लोकल पकडून नोकरीला जाणाऱ्या सुनेनेच लॅबच्या तारखा का सांभाळायच्या? नेरुळहून फोनवर 'आज आईची चाचणी झाली का' एवढं विचारायचं काम नणंदबाईंकडे द्या. पंचमीला चाचणी राहून जाते ती ही आठवण कोणाकडेच नसते म्हणून.

वाट न बघता इस्पितळात जायची लक्षणं वहीच्या पहिल्या पानावर लिहा: डांबरासारखी काळी शी, लघवीतून रक्त, घोळणा फुटून न थांबणं, डोक्याला मार लागणं (वरून काही दिसत नसलं तरी), तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, आणि व्हॉल्व्हची नेहमी ऐकू येणारी टिकटिक दबल्यासारखी वाटणं. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मनाने कुठेही घेऊ नका. व्हॉल्व्ह असताना आयएनआर एकदम पाडणंही धोक्याचं असतं.

इतर वाचकांसाठी जाता जाता दोन गोष्टी, कारण पत्रं येतात. थायरॉईडची गोळी सकाळच्या चहाआधी अर्धा ते एक तास, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, त्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तात साचू शकतं.

राहिली दाढ. पाच दिवस गोळी थांबवण्याचा निर्णय दाताच्या डॉक्टरांनी एकट्याने घ्यायचा नाही. साधी दाढ काढण्यासाठी बहुतेक वेळा ही गोळी बंद करावी लागत नाही. आदल्या एक-दोन दिवसांत आयएनआर तपासतात, तो मर्यादेत असेल तर काढतात, जागी टाके घालतात, दाबून धरतात, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गुळण्या देतात. दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी फोनवर बोलणं करून द्या. व्हॉल्व्ह बदललेल्यांना दाढ काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यायचा असतो, तोंडातले जंतू रक्तातून व्हॉल्व्हवर जाऊन बसू नयेत म्हणून. तो राहू देऊ नका. त्यानंतर मात्र दातांच्या दवाखान्यातून पाच दिवसांचा कोर्स लिहून मिळतो, आणि त्यात मेट्रोनिडाझोल असणं अगदी नेहमीचं आहे. ते नाव दिसलं तर तिथेच विचारा, दुसरं काही चालेल का, आणि चालत नसेल तर कोर्स सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसाची आयएनआर चाचणी तिथल्या तिथे ठरवा. दुखण्यावर पॅरासिटामॉल लिहून घ्या.